चौथा नमुना

खोटं सांगत असेन तर जीभ झडो माझी, आणि तोंडात उरलेत नऊ दात, तेही याच घटकेला गळून पडोत. यातला शब्द न् शब्द खरा आहे. कुणाला वाटलं की म्हातारी तिखटमीठ लावतेय, तर त्याने खुशाल उठावं आणि दुसरीकडे जाऊन बसावं. झालं ते असं झालं, की त्या दिवशी सकाळी खुडबुडीच्या मांडीवर एक जुना बूट होता, त्याचा सुटलेला तळ ती चिकटवत होती, आणि तेवढ्यात फोन वाजला.

खुडबुडी म्हणजे नाटकाच्या पडद्यामागे बसून आवाज काढणारी बाई. राजा घोड्यावरून आला की टापा हिच्या, राणीने दार आपटलं की दार हिचं, सेनापतीने तलवार उपसली की ते हिने पत्र्यावर ओढलेलं उलथनं. टाळ्या नटांना, पाठदुखी हिला. चौतीस वर्षं हेच. नाट्यगृहाच्या तळघरात, जिन्याखाली, एक खोली होती आणि त्या खोलीत सगळं सामान: कड्याकुलपांसकट पाच बुटकी दारं, खडीने भरलेलं तसराळं, पाखरांच्या पंखांसाठी कातडी हातमोजे, बर्फातल्या पावलांसाठी पिठीने गच्च भरलेली पिशवी, आणि बूट, बायकांचे, शिपायांचे, लंगड्याचे. आता ती खोली जायची होती. पहिल्या तारखेपासून तिथे जनरेटर येणार, असं व्यवस्थापक म्हणाला होता. "तुमचं तिथे काही शिकवणं-बिकवणं चालत असेल, सरकारी अनुदान असेल, तर गोष्ट वेगळी," असंही म्हणाला होता, माणूस वाईट नव्हता. म्हणून तिने अर्ज केला होता. लुप्त होत चाललेल्या कौशल्यांसाठी अनुदान. आणि फोन होता तो त्या कचेरीतून.

"बाई, अभिनंदन बरं का," कारकून म्हणाला. "दुसऱ्या फेरीत गेलात. सदस्यांना तुमचा चार नंबरचा नमुना फार आवडला. एकांच्या तर डोळ्यांत पाणी. मंगळवारी अकराला या, तोच समोर करून दाखवायचाय."

"चारच का?" खुडबुडी म्हणाली. बुटाचा तळ तिच्या अंगठ्याला चिकटला होता.

"ते मी कसं सांगू? मी काही ऐकलेलं नाही, मी फायली लावतो."

"पाचवा दाखवला तर? पाचवा बर्फातली पावलं आहेत. चांगला आहे हो पाचवा."

"बाई, भाजी निवडताय का? चार म्हणजे चार. सामान घेऊन या. लिफ्ट बंद आहे, त्या हिशेबाने निघा."

फोन ठेवला तरी अंगठा सुटेना. ती तशीच बसून राहिली, पायात घालायची वस्तू हाताला चिकटवून. कारण चौथा नमुना तिने केलेलाच नव्हता. आठातले सात तिचे होते. एकेका आवाजापायी तिने जीव काढला होता, आगीच्या आवाजासाठी तर सोळा जातींचे कागद चुरगाळले होते. त्या सातांबद्दल कुणाला चकार शब्द काढावासा वाटला नाही. आणि जो आवडला, ज्याने एका सरकारी सदस्याच्या डोळ्याला पाणी आणलं, तो तिच्या सासूचा श्वास होता. खराखुरा. सासू दुपारी झोपली होती तेव्हाचा. म्हातारीने मेल्यावर, झोपेत, काहीही न करता, पहिला नंबर काढला होता.

अर्ज भरायचा शेवटचा दिवस तिला आठवला, आणि आठवला म्हणजे काय, त्या दिवसाचा वासच आला, नणंदेच्या घरातल्या तापलेल्या कॉम्प्युटरचा आणि उतू गेलेल्या चहाचा. नणंद शाळेत कारकुनी करते, तिला फॉर्म भरायची सवय. पाच वाजता खिडकी बंद होणार, म्हणजे कॉम्प्युटरमधली खिडकी, आणि साडेचारला त्या दोघी 'आपल्या कलेमुळे समाजात कोणता बदल होईल, शंभर शब्दांत' इथे अडकल्या होत्या. "लिही, घोडे कमी लागतील," खुडबुडी म्हणाली होती, आणि नणंद खो खो हसली होती, आणि मग तिने गंभीर तोंड करून काहीतरी पिढ्या, वारसा, संवेदना असं पटापट लिहून टाकलं होतं. आठ नमुने हवे होते. आठ होते. पण चौथा, होडीच्या वल्ह्यांचा, काही केल्या आत जाईना. गोल गोल फिरायचं आणि लाल अक्षरं यायची. "वहिनी, हा नाही जात गं. दुसरं काही आहे का? पटकन. बारा मिनिटं." आणि खुडबुडीने फोनमध्ये शोधलं आणि तो हाती लागला. चार मिनिटांचा. दुसरं काहीच नव्हतं हो, खरंच नव्हतं. नणंदेने थोडासा ऐकून बघितला, मान तिरकी करून, एक हात चहाच्या कपावर. "हा बरा जमलाय. काय लिहू?" "झोपलेलं माणूस." "साधन कोणतं? ते विचारलंय." आणि खुडबुडीच्या तोंडून, कुठे अडखळली नाही, श्वास घेतला नाही, थेट निघालं: "कातडी पिशवी आणि रेशमी कापड." नणंदेने लिहिलं. नणंदेने स्वतःच्या आईचा श्वास ओळखला नाही. त्याचंच तिला तेव्हा जास्त लागलं होतं, खोटेपणाचं नाही. आणि त्यातच, कुठेतरी खोल, एक घाणेरडा आनंदही झाला होता, की बघा, पोटच्या पोरीला नाही ओळखू आला, मला येतो.

यायचाच. आठ महिने ऐकला होता. सासूबाई पडून होत्या शेवटी, आणि दुपारच्या वेळी घरात त्या दोघीच. ज्या बाईने तिला हा धंदा शिकवला, लग्न होऊन आली तेव्हा स्वयंपाकघराच्या आधी तळघर दाखवलं, तिच्या उशाशी बसून ती भाजी निवडायची आणि ऐकायची. तीन श्वास सरळ जायचे. चौथा वर जाऊन थांबायचा. थांबायचा म्हणजे थांबायचाच, आता हा खाली येतो की नाही असं वाटेपर्यंत, आणि खुडबुडीच्या हातातली शेंग अर्धी मोडलेली तशीच राहायची. मग लांब कुठेतरी जड कपाट सरकवल्यासारखा तो उतरायचा, टोकाला बारीक शिट्टी. मग पुन्हा तीन सरळ. त्या थांबण्यात काय काय यायचं तिच्या मनात! सुटू दे बिचारीला, असं यायचं. सुटू दे मला, असंही यायचं. आणि लगेच, नको, नको, अजून बर्फ नीट शिकायचा राहिलाय. जागेपणी सासूबाईंना विचारावं तर एकच उत्तर. "आई, श्वास कसा काढायचा हो?" "काढायचा नाही. नटाला स्वतःचा असतो." "पण अंधारात, पडद्याआड कुणी झोपलंय असं दाखवायचं असेल तर?" "तर नटाला झोपव. तेवढं तरी जमेल त्याला." आणि हसायच्या, आणि हसता हसता खोकायच्या. कधी शाबासकी म्हणून दिली नाही त्या बाईने. तीस वर्षांत एकदा, वादळाचा आवाज काढला तेव्हा, "बरं आहे, खिडकी लावावीशी वाटली," एवढं म्हणाल्या होत्या आणि ते वाक्य खुडबुडीने अजून जपून ठेवलं होतं, लोक दागिने ठेवतात तसं. एका दुपारी तिने फोन उशीला टेकवला आणि ते श्वास धरून ठेवले. अभ्यासाला, असं स्वतःला सांगितलं. सासूबाईंना विचारलं नव्हतं. वीस दिवसांनी त्या गेल्या, आणि गेल्या तेही त्या चौथ्या श्वासावरच, वर गेल्यावर, आणि खुडबुडी शेंग हातात धरून किती वेळ बसून होती ते तिलाच माहीत.

मंगळवारला चार दिवस होते. चार दिवस तिने घराची दैना केली. कातडी पिशवी आणली, रेशमी कापड आणलं, कारण लिहून दिलं होतं. पिशवी दाबली की घोडा फुरफुरल्यासारखं व्हायचं. कापड ओढलं की कापड ओढल्यासारखं. लोहाराकडचा छोटा भाता आणला, कागदी पिशव्या फुगवल्या, फुटबॉलची आतली रबरी पिशवी काढली, तिला पेन्सिलीचं टोपण लावलं. नवरा नाटकाचे दिवे सांभाळायचा, आता निवृत्त होऊन खिडकीशी बसायचा; तो पहिल्या दिवशी म्हणाला, "टायर पंक्चर झालं का कुणाचं?" दुसऱ्या दिवशी म्हणाला, "मांजराला काय झालं?" तिसऱ्या दिवशी उठून आला, तिच्यासमोर बसला आणि विचारलं, "तू हे नक्की कुणाचं करतेयस?" ती म्हणाली, "कुणाचं नाही. माणसाचं." तो म्हणाला, "मग मला झोपव, माझं कर." ती म्हणाली, "तुम्ही घोरता. घोरणं कुणालाही येतं." त्याला तिने सांगितलं नाही. आई त्याची होती. सांगितलं असतं तर त्याने ऐकायला मागितलं असतं, आणि त्यालाही ओळखू आला नसता तर? आणि आला असता तर? तिला दोन्हींची भीती वाटत होती आणि कुठली जास्त ते ठरत नव्हतं. रोज दुपारी ती फोनची वायर कानांत खुपसून चार मिनिटं ऐकायची आणि रोज तिला कळायचं की हे होणार नाही. यात पोकळी आहे, तिला वाटायचं, आवाज नाहीये हा, आवाजाच्या आत जागा आहे, एका म्हातारीच्या छातीएवढी, आणि त्या जागेत शेंगा मोडल्याचा बारीक आवाज आहे, तो माझा आहे. कुणी नीट ऐकलं तर त्यांना तीही सापडेल, चौथ्या श्वासाला मोडायची थांबलेली शेंग.

मंगळवारी ती चार मजले चढली. एका हातात सामानाची पिशवी, दुसऱ्या हातात कठडा, प्रत्येक मजल्यावर थांबून. कचेरीचा व्हरांडा लांब, भिंतीला लाकडी बाकं, बाकांवर कलावंत. कलावंत एरवी किती बोलतात, पण इथे सगळे दातांच्या डॉक्टरकडे आल्यासारखे. एक मूर्ती घडवणारा मांडीवर दगड घेऊन बसला होता, लेकरू घेऊन बसावं तसा. एक नाचणारी बाई उभ्याउभ्या पाय सैल करत होती. ती खुडबुडीला म्हणाली, "तुमचं काय?" "आवाज." "गाता?" "नाही. खुडबुड करते." "कितवी वेळ?" "पहिलीच." "माझी सहावी," ती म्हणाली, "आता मला नाचापेक्षा अर्जच बरा येतो," आणि हसली, आणि हसू अर्ध्यात सोडून पुन्हा पाय ताणू लागली. खुडबुडीला वाटलं, सांगून टाकावं हिलाच. हिला सांगितलं तर सांगितल्यासारखं होईल आणि कुणाला कळणारही नाही. मग वाटलं, आत जाऊन सरळ म्हणावं, साहेब, तो नमुना वगळा, ती माझी सासू आहे. मग सात उरतात. सातांचा अर्ज अपुरा. अपुरा अर्ज म्हणजे जनरेटर. पाच बुटकी दारं कुठे नेऊ? घरात ठेवायला जागा नाही, भंगारवाला दारं घेईल, कड्या वेगळ्या काढेल. आणि लंगड्याचे बूट? ते तर दोन वेगळ्या मापाचे, ते कोण घेणार? तिला त्या बुटांची एवढी दया आली की डोळे भरून आले, आणि नेमकं तेव्हाच कारकुनाने हाक मारली.

आत तीन सदस्य होते. मधे अध्यक्ष, एका बाजूला जाड चष्म्याची बाई, दुसऱ्या बाजूला एक सडपातळ गृहस्थ, ज्यांच्या हातात आधीच रुमाल होता. हेच ते पाणीवाले, तिने ओळखलं. "करा सुरू," अध्यक्ष म्हणाले. "आडोसा लागेल," ती म्हणाली. "आवाज करणारा दिसला की लोक त्यालाच बघतात. ऐकत नाहीत." अध्यक्षांना ते फार पटलं. कारकुनाने कोपऱ्यातला चाकांवरचा पांढरा फळा ढकलत आणला, त्यावर कुणाच्या तरी बैठकीचे बाण आणि चौकोन अजून तसेच होते. ती त्याच्यामागे स्टुलावर बसली. फळ्याखालून तिला सहा पाय दिसत होते. अध्यक्षांचे बूट नवे होते, चालले तर कुरकुरतील. चष्मेवालीच्या चपला रबरी, मुक्या. रुमालवाल्यांचा एक पाय सारखा हलत होता. तिने कातडी पिशवी मांडीवर घेतली. रेशमी कापड हातावर गुंडाळलं. आता. आता करायचं. हात उठेना.

मी नापास झाले तरी चालेल, तिला वाटलं, पण ही पिशवी त्या श्वासाच्या जागी वाजवायची, ही घोड्याची फुरफुर, आणि या तिघांनी ती ऐकून म्हणायचं की वा, अगदी तशीच? किंवा म्हणायचं, छे, रेकॉर्डिंगमध्ये वेगळं होतं? काही झालं तरी म्हातारीची टिंगलच. तिने डोळे मिटले. आधी तो आवाज नीट आठवावा, मग बघू. ती खोली आली, खाटेचा गज, औषधाच्या बाटलीवरचं ऊन, शेंगांचा हिरवा वास. एक, सरळ. दोन, सरळ. तीन. चौथा वर गेला आणि थांबला, आणि ती थांबली, जशी आठ महिने थांबत आली होती, शेंग बोटांत धरून. तिला ठाऊकच नव्हतं की त्या दुपारींत तिची छातीही तेवढीच थांबायची. मग कपाट सरकलं. बारीक शिट्टी. पुन्हा एक. कुणी म्हणतं तेव्हा तीन मिनिटं गेली, कुणी म्हणतं चार. चार मजले चढून आलेली बाई, दम पुरता बसलेला नव्हता, बंद खोली, आणि पंखाही कुणीतरी बंद केलेला. फळ्याखालचा तो हलणारा पाय केव्हाच हलायचा थांबला होता. ती चौथ्यावर पोचली, थांबली, आणि त्या थांबण्यात रुमालवाले गृहस्थ एकदम खुर्चीतून अर्धे उठले, त्यांचे पाय तिला दिसले, जसं कुणीतरी आजाऱ्याकडे धावायला उठतं. मग तो श्वास उतरला आणि ते खाली बसले.

"बस," अध्यक्ष म्हणाले. "बस, बाई. पुरे."

तिने डोळे उघडले. पिशवी मांडीवर होती तशीच, फुगलेली, हात न लावलेली. कापड हातावर गुंडाळलेलं. तिला आधी समजलंच नाही काय पुरे. मग समजलं, की ते तिघं तिच्याच छातीतला श्वास ऐकत बसले होते. "साहेब," ती फळ्याआडून म्हणाली, "मी अजून सुरूच केलं नाही."

तिघंही हसले, रडता रडता हसावं तसे. "घ्या!" चष्मेवाली म्हणाली. "कलावंतांचं हे असं." "न सुरू करता हे, तर सुरू केल्यावर आम्हाला दवाखान्याची गाडीच बोलवावी लागेल," अध्यक्ष म्हणाले. ती पुन्हा म्हणाली, "खरंच हो, पिशवीला हातही लावला नाही," आणि ते अजून हसले, आणि रुमालवाले म्हणाले, "माझे वडील असेच..." आणि त्यांनी रुमाल डोळ्यांना लावला. मग कारकून कागद घेऊन फळ्यामागे आला. सर्व आठ नमुने मी स्वतः, अर्जात नमूद केलेल्या साधनांनी तयार केलेले असून, खाली सही. खुडबुडीने तो कागद दोनदा वाचला. सांगितलं होतं तिने. त्यांनी ऐकलं नाही, त्याला ती काय करणार? तिने सही केली.

खोली राहिली. जनरेटर मागच्या अंगणात गेला, आता तो तिथे खोकत असतो. पंधरवड्यात दोन शिकाऊ पोरी येणार असं ठरलं, खुडबुडीने बुटांना पॉलिश केलं, दारांच्या कड्यांना तेल घातलं. आणि एका संध्याकाळी नणंद तळघरात आली, हातात पेढे वगैरे काही नाही, नुसतीच आली, पाचांतल्या एका बुटक्या दाराला टेकून उभी राहिली. म्हणाली, "वहिनी, तो चौथा आवाज गं. डोक्यातून जात नाही माझ्या. शाळेत हजेरी लिहिते आणि मधेच थांबते. काय थांबते, कशाला थांबते, काही कळत नाही. परत ऐकव ना."

"पुसला गेला फोनमधून," खुडबुडी म्हणाली.

"मग करून दाखव. कसा काढतेस?"

खुडबुडीच्या हातात तेलाची वाटी होती. ती तिने खाली ठेवली, मग उचलली, मग पुन्हा ठेवली. नणंद वाट बघत होती, आणि वाट बघताना तिची मान तशीच तिरकी झाली होती, आणि ओठ किंचित उघडे, आईसारखे.

"कातडी पिशवी," खुडबुडी म्हणाली, "आणि रेशमी कापड."

नणंदेने मान हलवली. थोडा वेळ ती त्या दाराची कडी लावत-काढत राहिली आणि मग जिना चढून गेली. आणि खाली बसून खुडबुडीने तिची पावलं मोजली, आणि त्यांत कुठे थांबणं येतंय का ते ऐकलं.

तर हे असं. अगदी असंच. दात माझे सगळे जागच्या जागी आहेत, बघा. फक्त एक, आता तुम्ही एवढं निमूट ऐकलंत म्हणून सांगते, एवढंसं माझ्या मनाचं आहे: फळ्यामागून ती म्हणाली ना, की मी अजून सुरूच केलं नाही. ते ती म्हणाली नाही. तोंड उघडलं होतं तिने. मग कारकून कागद घेऊन आला, आणि तिने पेन मागितलं.